‘येते हं’ म्हणून निघताना

बाबू बालवाडीत रुळून आता दोन-अडीच महिने झाले. मधल्या काळात दोन मैत्रिणींचे फोन येऊन गेले. दोघींची मुलं अडीच वर्षांच्या आसपास, दोघी नोकरी करणाऱ्या. प्रश्न एकच : तुमचं कसं जमलं? फोनवर सांगताना मधलं पुष्कळ सुटून गेलं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. तारखा माझ्या डायरीतल्या आहेत, खर्च आमच्या घरचा आहे. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील. मुलाचं खरं नाव लिहीत नाही, घरी सगळे त्याला बाबूच म्हणतात.

आम्ही गोव्यात म्हार्दोळजवळ राहतो. नवरा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, शिफ्टमध्ये. मी पणजीत एका खाजगी कचेरीत हिशेबाचं काम करते. घरात सासूबाई. बाबूचा जन्म फेब्रुवारी 2022 चा. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, त्यातली जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. मी शेवटचे दोन आठवडे सोडून कामावर गेले होते, त्यामुळे नंतरचे जवळजवळ सहा महिने बाळाला मिळाले. ऑगस्टमध्ये कामावर परतले तेव्हा सासूबाईंनी सगळं अंगावर घेतलं आणि पुढची पावणेदोन वर्षं मला कसलीच काळजी करावी लागली नाही. सकाळी मी निघायचे तेव्हा तो बहुतेक झोपलेला असायचा. संध्याकाळी आले की अंगावर प्यायचा आणि रात्री माझ्या कानाची पाळी चिमटीत धरून झोपायचा. ती पाळी सुटली की जागा व्हायचा. माझी उजवी पाळी त्या काळात कायम लाल असे.

मे 2024 मध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तीन महिने मुलाला उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कायद्याने 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. आमच्या कचेरीत आम्ही चौदाजण. म्हणून पणजीतच, कचेरीपासून दहा मिनिटांवर एक पाळणाघर बघितलं. महिन्याला 4,500 रुपये, अनामत 3,000. जागा स्वच्छ, खिडक्यांना जाळ्या, मुलं दहा-बारा. मी पाहिलं ते एवढंच. मूल पहिल्यांदा येतं तेव्हा तुम्ही काय करता, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आता कुणी पाळणाघर बघायला निघालं की मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला सांगते.

सोमवारी 10 जूनला पहिला दिवस. बाबूला बस आवडायची. भोम, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, प्रत्येक ठिकाणी तो खिडकीला नाक लावून बसला. पाळणाघरात पोचलो तर तिथल्या मॅडमनी त्याच्या हातात एक गाडी दिली आणि मला डोळ्यांनी खूण केली. दारापर्यंत येऊन हळूच म्हणाल्या, “त्याचं लक्ष नाही तोवर निघा. बघितलं की जास्त रडतात. दोन-चार दिवसांत विसरेल.” मी निघाले. जिन्यात चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेतल्या होत्या, हे अजून आठवतं.

तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी बसमध्ये बाणस्तारीचा पूल आला आणि त्याने रडायला सुरुवात केली. पूल आला म्हणजे पुढे काय होतं, ते त्याला कळलं होतं. पाचव्या दिवशी तो म्हार्दोळच्या थांब्यावरच माझ्या मानेला घट्ट धरून राहिला. पाळणाघरात गाडीकडे बघेनासा झाला, कारण गाडीकडे बघितलं की आई नाहीशी होते. तो फक्त माझ्याकडे बघत राहायचा, पापणी न लववता. मग मॅडम त्याला उचलून आतल्या खोलीत न्यायच्या.

त्रास खरा दिसला तो घरी. मी न्हाणीघरात गेले की तो दाराच्या फटीतून बोटं आत सरकवून बसायचा. रात्री चार-चार वेळा उठून कान चाचपायचा. दीड वर्षाचा असल्यापासून स्वतःच्या हाताने पेज जेवणारं मूल चमचा धरेनासं झालं. नवव्या दिवशी, बुधवारी 19 जूनला, अकराच्या सुमारास फोन आला की त्याला उलट्या होताहेत आणि अंग गरम आहे. मी त्याला घेऊन घरी आले ती परत तिकडे नेलं नाही. अनामत मिळाली नाही. सोडायचं असेल तर महिनाभर आधी कळवावं, अशी अट अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होती. भरण्याआधी दोन्ही बाजू वाचा.

त्या बाईंनी मुद्दाम वाईट केलं असं मी म्हणत नाही. पुष्कळ ठिकाणी हेच करतात, आमच्या आयाही हेच करत आल्या. पण मुलाच्या बाजूने बघितलं तर आई कधी नाहीशी होईल याचा काही भरवसाच उरत नाही. मग ते एक क्षणही नजर हलवत नाही, आणि आपण म्हणतो, फार चिकटतंय.

पुढचे चार महिने आम्ही कसेबसे काढले. कचेरीने मला साडेनऊ ते दीड अशी अर्धी वेळ दिली. पगारात महिन्याला 11,000 ची तूट आली. नवऱ्याची दुसरी शिफ्ट असेल तेव्हा सकाळी तो घरी, पहिली असेल तेव्हा डिचोलीहून माझी आई येऊन राहायची. खाजगी नोकरीत वडिलांना अशी रजा कायद्याने नाही. त्याने स्वतःच्या हक्काच्या रजेतले दहा दिवस घातले, त्यामुळे त्या वर्षी आम्ही कुठे गेलो नाही.

माझ्या आईने या काळात एकच केलं. रोज संध्याकाळी ती त्याच्याशी बुवा कुऽऽक खेळायची. आधी पदराआड, मग दाराआड, मग खाटेमागे, मग थेट मागच्या पडवीत. लपायचा वेळ ती रोज थोडा वाढवायची आणि दर वेळी नक्की सापडायची. पंधरा-वीस दिवसांनी तोच लपायला लागला. बायकांनी पिढ्यान् पिढ्या खेळलेला हा साधा खेळ, पण ‘नाहीसं झालेलं माणूस परत येतं’ हे त्याला त्यातून जेवढं समजलं तेवढं माझ्या कुठल्याच समजावण्याने समजलं नसतं.

7 सप्टेंबर 2024 ला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली. आमचं मूळ घर सत्तरी तालुक्यात आहे, चवथीला सगळे तिथे जमतात. त्या वर्षी बावीस माणसं होती. मला काळजी एवढीच की हा दिवसभर कडेवरून उतरणार नाही आणि मला जावांबरोबर स्वयंपाकघरात हात लावता येणार नाही. झालं भलतंच. गणपतीच्या वर फळंपानं टांगायची चौकट असते, त्या माटोळीखाली चुलत भावंडांचा घोळका होता, वर सुपारीचे घड, आंबाडे, चिबूड टांगलेले, एकेकाचं नाव विचारणं चाललेलं. बाबू त्यात शिरला. मी आत हळदीच्या पानांवर पातोळ्यांचं पीठ थापत बसले होते. थोड्या वेळाने पाठीवर काहीतरी टेकलं. बाबू. हात पिठाचे म्हणून मी नुसतं “काय रे?” म्हटलं. तो काही बोलला नाही, क्षणभर पाठीला गाल लावून उभा राहिला आणि परत पळाला. पुन्हा आला, गुडघ्याला हात लावून गेला. सकाळच्या त्या तीन तासांत तो सात वेळा आला. मी मोजत होते. एकदाही दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबला नाही, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडा लांब जाऊन आला. सातव्या वेळी त्याच्या पायांना विहिरीजवळचा चिखल होता, थोरली पुतणी बरोबर होती म्हणून मी काही म्हटलं नाही.

घरी आल्यावर मी थोडं वाचलं. मेरी एन्सवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला बाळांच्या घरी जाऊन आया आणि मुलं एकमेकांशी कशी वागतात ते बारकाईने टिपून ठेवलं होतं. जवळची व्यक्ती म्हणजे मुलाचं सुरक्षित ठाणं, तिथून ते निघतं, जग बघतं, पुन्हा ठाण्यावर येतं, असं त्यांनी मांडलं. सत्तरीतल्या स्वयंपाकघरात मी नेमकं हेच सात वेळा पाहिलं होतं. दुसरी गोष्ट मला फारच उपयोगी पडली. आई काही मिनिटांसाठी खोलीबाहेर जाते आणि परत येते, असा प्रयोग त्यांनी केला होता. त्यात मूल आई जाताना किती रडतं यापेक्षा आई परत आल्यावर काय करतं, याला त्यांनी जास्त महत्त्व दिलं. आईजवळ येऊन शांत होतं का, आणि मग पुन्हा खेळायला लागतं का. तोवर मी फक्त जातानाचं रडणं मोजत होते.

ऑक्टोबरमध्ये अंगावरचं दूध बंद केलं. सल्ले खूप मिळाले. कुणी कोरफड लावायला सांगितली, कुणी कडुलिंब, कुणी म्हणालं चार दिवस माहेरी जाऊन ये, विसरेल. ‘विसरेल’ हा शब्द आता मला नको झाला होता. दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजावं असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, त्यामुळे घाई कसली नव्हती. आधी दिवसाचं बंद केलं, मग पहाटेचं, शेवटी झोपतानाचं, दर वेळी आधी सांगून. पाच आठवडे लागले. कान राहिला.

जानेवारी 2025 मध्ये बालवाडीच्या प्रवेशाचे अर्ज मिळायला लागले. नव्या शैक्षणिक धोरणात 3 ते 8 ही पाच वर्षं पायाभूत टप्पा धरली आहेत, त्यामुळे बालवाडी आता शाळेचाच भाग मानतात. आम्ही निवडलेल्या मराठी शाळेने जूनमध्ये तीन वर्षं पूर्ण असलेलं मूल मागितलं होतं. कागद : जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, पंचायतीचा रहिवासी दाखला, चार फोटो. वाटलं, दोन दिवसांचं काम. लागले पंचवीस दिवस.

कारण जन्मदाखल्यावर बाबूचं नावच नव्हतं. हॉस्पिटलने नोंद लगेच केली, बारसं नंतर झालं आणि नाव घालायचं राहून गेलं. वर्षाच्या आत नाव घातलं तर पैसे पडत नाहीत, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं. मात्र आपण राहतो तिथे जाऊन काम होत नाही, जन्म जिथे झाला तिथल्या नोंदणी कार्यालयात जावं लागतं. दुसरी अडचण आडनावाची. आमच्या आडनावाचं रोमी स्पेलिंग जुन्या पोर्तुगीज वळणाचं आहे, नवऱ्याच्या आधारवर तसंच आहे, हॉस्पिटलने मात्र आजच्या पद्धतीने लिहिलं होतं. तेही दुरुस्त करून घेतलं. तीन खेपा झाल्या. नाव असलेला दाखला हातात आल्यावर मुलाचं आधार काढलं. पाच वर्षांखालच्या मुलाचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो काढतात आणि आई किंवा वडिलांचं आधार जोडतात. पाच वर्षांनंतर ठसे द्यायला पुन्हा जावं लागेल. नोंदणीला पैसे लागत नाहीत. म्हणजे क्रम असा : आधी दाखल्यावर नाव, मग आधार, मग शाळेचा अर्ज. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे, तेव्हा बारशाच्याच महिन्यात हे काम उरकून टाका. शाळेची वर्षाची फी 11,000, दोन हप्त्यांत. गणवेश आणि दप्तर 1,900.

प्रवेश झाला, पण जूनची मला धास्ती होती. मधल्या चार महिन्यांत सराव व्हावा म्हणून तिसरा वाढदिवस झाल्यावर त्याला वाड्यावरच्या अंगणवाडीत घातलं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे शाळापूर्व शिक्षण मिळतं आणि खाऊही. फी नाही. घरापासून चालत तीन मिनिटं. आमच्या मागच्या पडवीतून अंगणवाडीचं छप्पर दिसतं.

ही जवळीक किती मोलाची असते, ते मला तिथे कळलं. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यावी, असं त्यांनी ठरवलं. अंगणवाडी हा शब्द तिथला. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. घर नजरेच्या टप्प्यात असलं की मुलाचा पाय उचलतो, हे त्या बाईंनी किती आधी ओळखलं होतं.

तिथल्या टीचर पन्नाशीच्या. मी पहिल्याच दिवशी पाळणाघराची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पयलीं तूं बस गे हांगा. ताका आमची वळख जावं दी.” आधी तू इथे बस, त्याला आमची ओळख होऊ दे. पहिला आठवडा मी आत भिंतीला टेकून बसले. त्यांनी मला सांगितलं होतं, त्याच्याशी खेळायचं नाही, त्याला खेळायला पाठवायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. नुसतं असायचं. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. “जा ना, बघ ते किती छान खेळतात” हे वाक्य माझ्या जिभेवर सारखं येत होतं. दुसऱ्या आठवड्यात मी बाहेर सोप्यावर बसायला लागले. तो दारात येऊन बघून जायचा, चवथीसारखाच. या काळात माझ्या सहा पूर्ण रजा गेल्या आणि सहा दिवस कचेरीला उशीर झाला. उरलेले दिवस नवरा बसला.

तिसऱ्या सोमवारी टीचर म्हणाल्या, आज जा, अर्ध्या तासाने ये. मी बाबूजवळ बसले, त्याच्याकडे बघून म्हटलं, “येते हं.” त्याने मान हलवली. रडला नाही. मला फार बरं वाटलं. अर्ध्या तासाने आले तर तो दारातच उभा. टीचर म्हणाल्या, तू गेल्यापासून तिथेच आहे, खेळला नाही, उसळ खाल्ली नाही, रडलाही नाही. “तूं येता म्हणून गेलीं न्हय? तो तुजी वाट पळयता.” तू ‘येते’ म्हणून गेलीस ना? तो तुझी वाट बघतोय.

ते ऐकून माझ्या काळजात चर्र झालं. आपण ‘जाते’ म्हणत नाही. घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. पण तीन वर्षांच्या मुलाला तो संकेत कुठून ठाऊक असणार? आई म्हणाली येते, म्हणजे येते आहे, आत्ता. तो अर्धा तास माझ्या शब्दावर विश्वास ठेवून दारात उभा होता.

टीचरनी सांगितलं, “रडटा जाल्यार रडूं. पूण भुरग्याक फटोवचें न्हय.” रडला तर रडू दे, पण मुलाला फसवायचं नाही. कुठे जातेस ते सांग, कधी येशील ते त्याला कळेल असं सांग.

दुसऱ्या दिवशी घरात मी त्याला म्हटलं, “आई आता बाजारात जाते.” सासूबाई आतून म्हणाल्या, “तोंडाने जाते म्हणू नये गं.” मी त्यांना कालचा सगळा प्रकार सांगितला. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “मग जाऊन येते म्हण. त्यात दोन्ही आलं.”

तेव्हापासून आमच्या घरात हेच वाक्य आहे. आई बाजारात जाऊन येते. बाबा कामावर जाऊन येतात. त्यात जाणं लपवलेलं नाही आणि येणं पक्कं आहे. सोबत वेळेची खूण हवी, आणि ती घड्याळाची नको. “तुझी उसळ खाऊन झाली, हात धुतले, की आई आली.” हे ऐकल्यावर तो रडला, चांगला मोठ्याने रडला. टीचरनी त्याला मांडीवर घेतलं, मी मागे न वळता निघाले. पाच मिनिटांत थांबला, असं नंतर कळलं. हात धुऊन तो बाहेर आला तेव्हा मी सोप्यावर होते.

खूण ठरवताना हाताशी थोडा जास्तीचा वेळ ठेवा. मार्चमध्ये एकदा कचेरीतून दुपारी परतताना बस भोमला अडकली, मला वीस मिनिटं उशीर झाला. तेवढ्या वेळात त्याने तीन वेळा हात धुतले होते. बाही कोपरापर्यंत ओली. त्यानंतर मी खूण बदलून “सगळी मुलं घरी जायला निघाली की” अशी केली, आणि मला उशीर होणार असेल तेव्हा आज बाबा येतील किंवा आजी येईल हे सकाळीच सांगायला लागले. मार्चमध्येच तापाने तो आठवडाभर घरी होता, परत गेला तेव्हा पहिल्या दिवसासारखा रडला. टीचर म्हणाल्या, दोन दिवस पुन्हा सोप्यावर बस. दोनच दिवस लागले.

त्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट सुरू झाली. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला येतो, त्याच्या सायकलचा भोंगा ऐकू आला की बाबू वीस रुपयांची नोट घेऊन फाटकाशी जातो आणि चार पोई, म्हणजे गव्हाचे पाव घेऊन येतो. आधी मी त्याच्यामागे उभी राहायचे, मग पायरीवर, मग दारात, मेअखेर खिडकीत. एकदा दोन पोई मातीत पडल्या. मी धावले नाही. त्याने उचलल्या, फुंकल्या आणि आत आणून मला सांगितलं, “दोन कावळ्याच्या.” शर्टाची बटणंही स्वतः लावायची असतात, त्यासाठी सगळ्यांना वीस मिनिटं लवकर उठावं लागतं. घाईच्या सकाळी मीच लावून टाकते आणि त्या दिवशी चपलेपासून सगळ्यावर भांडण होतं.

बालवाडी 9 जूनला सुरू झाली. पालकांनी फाटकापर्यंतच यायचं असा तिथला नियम. मी मे महिन्यातच मुख्याध्यापिकांना भेटून पत्र दिलं होतं. दोन दिवस व्हरांड्यात बसायची आणि पहिला आठवडा गर्दीच्या आधी यायची परवानगी मिळाली. जूनमध्ये विचारलं असतं तर कुणाला ऐकायला वेळ नसता. दप्तराच्या आतल्या कप्प्यात माझ्या जुन्या सुती ओढणीचा वीतभर तुकडा ठेवला. तो त्याने कधी बाहेर काढला नाही, पण आहे ना हे मात्र रोज बघायचा. धो धो पाऊस, रेनकोटात गुंडाळलेली रडणारी मुलं, आणि मी सांगते आहे, “आई पणजीला जाऊन येते. शाळा सुटली की आजी फाटकाशी, आणि दिवे लागले की आई.” अकरा दिवस तो रडला, रोज थोडं कमी. बाराव्या दिवशी त्याने नुसता हात केला.

मी आता सव्वादहा ते सहा अशी वेळ मागून घेतली आहे. घरी पोचायला सात वाजतात. आधी मी आले की थेट गॅसकडे वळायचे. आता पहिला अर्धा तास फक्त त्याचा, फोन पिशवीतच राहतो. तो अंगावर उडी मारतो, कान धरतो, आणि मग काही सांगतो किंवा काहीच सांगत नाही. वीस मिनिटांनी आपणच उठून गाड्यांकडे जातो. तो उठून गेला की मला कळतं, आजचा दिवस बरा गेला. नवऱ्याची दुसरी शिफ्ट असेल त्या रात्री पेज आणि एक भाजी, त्यावर भागतं.

2025 ची चवथ 27 ऑगस्टला. पुन्हा सत्तरी, पुन्हा माणसांनी भरलेलं घर. रात्री आरत्या झाल्यावर मुलांचे बिछाने पुढच्या खोलीत ओळीने घातले. बाबू म्हणाला, मी तिथे झोपतो. मी बरं म्हटलं आणि आतल्या खोलीत पडले, दार उघडं ठेवून. झोप लागली नाही. बाराच्या सुमारास उठून बघायला गेले. मंद दिव्यात सहा मुलं आडवीतिडवी पडली होती. बाबू थोरल्या पुतणीला चिकटून झोपला होता आणि तिच्या कानाची पाळी त्याच्या चिमटीत होती. मी पांघरूण नीट केलं आणि परत आले.

सकाळी मी चुलीपाशी होते. तो डोळे चोळत आला, पाठीवर गाल टेकला आणि म्हणाला, “आई, मी ताईकडे झोपून आलो.”